हार्टसाठी सी-60 चं तेल? बाटली उघडायच्या आधी हे बघा

आमच्या मामांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय. मागच्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी पाठवलं म्हणून त्यांनी सी-60 च्या तेलाची बाटली मागवली, का तर म्हणे नॅनो कार्बन (कार्बनचे अतिबारीक कण) आहे, नसा साफ होतात. बाटली पारदर्शक काचेची आणि ठेवली कुठे तर ओट्याजवळच्या खिडकीत, थेट उन्हात. तळाला काळी पूड बसलेली.

तुमच्याही घरी कुणी असलं काही आणलं तर आधी आत काय आहे ते बघा. सी-60 म्हणजे कार्बनचे 60 अणू फुटबॉलसारखे जोडलेले, 1985 ला सापडलं, 1996 ला त्याला नोबेल मिळालं, सगळं खरं, पण ते नोबेल केमिस्ट्रीचं आहे हो, नसांचं नाही. जाहिरातवाले उंदरांचा दाखला देतात तो 2012 चा, ऑलिव्ह ऑइलमधून सी-60 दिलं आणि उंदीर जवळपास दुप्पट जगले असं, पण एका गटात उंदीर होते फक्त 6. 2020 ला दुसऱ्या टीमने करून बघितलं तर आयुष्य वाढलं नाहीच, उलट उजेड लागलेलं तेल उंदरांना विषारी निघालं. मामांची ती खिडकी बघून माझ्या पोटात गोळा आला तो यामुळे.

मग विचारा, नॅनो कार्बन म्हणजे नेमका कुठला? कारण नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिबारीक नळ्या, हा वेगळाच प्रकार. 2005 च्या प्रयोगात नॅनोट्यूबमुळे प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) एकमेकांना चिकटल्या, सी-60 मुळे नाही. आता स्टेंटवाल्या माणसाला गुठळीचीच तर भीती असते. गंमत म्हणजे फायदाही नॅनोट्यूबचाच जास्त दिसलाय, 2020 मध्ये औषध भरलेल्या नॅनोट्यूब उंदरांना दिल्या, त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये शिरल्या आणि त्या पेशी धमनीतला मेलेल्या पेशींचा कचरा खायला लागल्या. 2019 ला मेंढ्यांच्या हार्टवर नॅनोट्यूबचा धागा शिवून हार्टच्या ठोक्याचा अडलेला करंट पुढे नेला. पण हे सगळं लॅबमध्ये, मोजून मापून, आणि माणसांवर नाही. चमचाभर तेल प्यायचा त्याच्याशी काही संबंध नाही.

रक्त पातळ करायची गोळी आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायची नाही, मामा बंदच करणार होते. तेल आधीच घेतलं असेल तर थांबवा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ओरडतील म्हणून लपवू नका.

आणि फुकटचा नॅनो कार्बन तर आपण रोज घेतोच की, डिझेलचा धूर, चुलीची काजळी. हे बारीक कण धमन्यांना वाईट हे पक्कं माहितीये, त्यामुळे मॉर्निंग वॉक हायवेच्या कडेने नको, आतल्या गल्लीतून करा.

मामांची बाटली सध्या पेपरात गुंडाळून माझ्या कपाटात आहे, पुढच्या फॉलोअपला डॉक्टरांसमोर ठेवायची आहे.