मिरवणुकीची हार्डडिस्क: फॉरमॅट मारण्याआधीची तयारी

वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक बेळगावात रात्रभर चालते. दुसऱ्या दिवशी मंडळाकडे चार-पाच फोन, दोन कॅमेरे आणि एखाद्या ड्रोनमधलं चित्रीकरण गोळा होतं. ते सगळं एका हार्डडिस्कवर घ्यायचं आणि ती डिस्क फिरवायची. वडगावातल्या कार्यकर्त्याचा विंडोज लॅपटॉप, कोल्हापुरात एडिटिंग करणाऱ्याचा मॅक, शाळेच्या हॉलमधला टीव्ही, सुट्टीला आलेल्या पोरांचे फोन, सगळीकडे ती चालली पाहिजे. अशी डिस्क तयार करायची तर फॉरमॅटचं बटण दाबणं हे सगळ्यांत शेवटचं काम आहे. आधीची तयारी नीट झाली तर ते एका मिनिटात होतं.

सुरुवातीला वही घ्या आणि डिस्क कुठे कुठे जाणार ते लिहून काढा. प्रत्येक यंत्रापुढे ते विंडोज आहे की मॅक, किती जुनं आहे, पिन साधी आहे की टाइप-सी, एवढं तरी हवं. टीव्ही असेल तर मॉडेल नंबर लिहा. ‘चालतंय की हो’ या उत्तरावर विसंबू नका, एखादा पेनड्राइव्ह त्याच पद्धतीने फॉरमॅट करून प्रत्यक्ष लावून बघायला सांगा. या यादीतलं सगळ्यांत अडेल यंत्र कोणतं ते कळलं की फॉरमॅट कुठला करायचा ते आपोआप ठरतं.

बहुतेक वेळा उत्तर एक्सफॅट हेच येतं. डिस्कवर फाइली मांडायच्या ज्या पद्धती असतात त्यातली ही एक, पुढची नावंही तसलीच. विंडोजचा एनटीएफएस भक्कम आहे, पण मॅक त्यातलं फक्त वाचतो. एडिटिंग करणाऱ्याला त्याच डिस्कवर तयार फिल्म परत ठेवता येत नाही. मॅकचा एपीएफएस तर विंडोजला दिसतच नाही. जुना फॅट-३२ जवळपास सगळीकडे चालतो, पण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. फोर-के चित्रीकरण फोनवर मिनिटाला साधारण १७० एमबी घेतं असं धरलं, तर सलग चोवीस-पंचवीस मिनिटांत ती मर्यादा ओलांडली जाते, आणि आपले चित्ररथ एका चौकातून पुढे सरकायलाच तेवढा वेळ घेतात. एक्सफॅट मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणला, मॅकवर तो २०१० पासून चालतो, आयफोन-आयपॅडवर २०१९ च्या आयओएस १३ पासून. लिनक्सवाला कुणी असेल तर २०२० नंतरची सिस्टिम असली की वेगळं काही टाकावं लागत नाही. अँड्रॉइड फोनचं मात्र कंपनीगणिक वेगळं असतं, म्हणून वहीतल्या प्रत्येक फोनवर करून बघाच. फिरत्या चकतीच्या डिस्कला काही फोनमधून पुरेसा करंटही मिळत नाही. डिस्क टिकटिक आवाज करून बंद पडते. अशा वेळी बाहेरून करंट घेणारा हब लागतो.

जुना टीव्ही एक्सफॅट ओळखत नसेल तर त्याच्यासाठी डिस्कचे दोन भाग पाडायचा मोह होतो. माझं मत विचाराल तर तो टाळा, कारण बरेच टीव्ही पहिलाच भाग बघतात आणि पुढचा सोडून देतात. टीव्हीसाठी ३२ जीबीचा फॅट-३२ केलेला वेगळा पेनड्राइव्ह ठेवा आणि दाखवायची फिल्म ४ जीबीच्या आत बसवून घ्या.

आता खरं काळजीचं काम: डिस्कवर आधीपासून जे आहे ते. फॉरमॅट म्हणजे सगळं जाणार, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही चूक होते. आमच्याच ओळखीतल्या एका मंडळाची डिस्क मॅकच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली होती. ती विंडोज लॅपटॉपला लावल्यावर पडद्यावर प्रश्न आला, डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का? पोराने भाबडेपणाने होय म्हटलं. मागच्या तीन वर्षांच्या मिरवणुका होत्या त्यात, आणि आता हयात नसलेल्या दोन जुन्या कार्यकर्त्यांची भाषणंही. दुसरी प्रत कुठेच नव्हती. त्या पोराचा चेहरा मला अजून आठवतो. म्हणून डिस्क रिकामी करण्याआधी दोन ठिकाणी प्रत हवी, आणि त्यातली एक त्या घराबाहेर. नुसतं कॉपी झालं म्हणून सोडू नका, दोन्हीकडे फोल्डरचा आकार आणि फाइलींची संख्या जुळवा, मधलीच पाच-सहा चित्रीकरणं शेवटपर्यंत चालवून बघा. ‘अवो, कॅमेऱ्यातलं ओढून घेतलासा न्हवं?’ असं प्रत्येकाला विचारल्याशिवाय त्याचं कार्ड पुसू देऊ नका. वेळही मोजूनच ठेवा: ५०० जीबी हलवायला चांगल्या यूएसबी ३ पिनेवरही दीड-दोन तास जातात, जुन्या यूएसबी २ वर चार तासांच्या वर.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे अक्षरं. मंडळाच्या जुन्या अहवालांच्या, साहित्य संमेलनांच्या स्मरणिकांच्या फाइली श्रीलिपीत असतात, परवानग्यांचे कन्नड अर्ज जुन्या नुडी फॉन्टमध्ये. डिस्क उघडली तरी तो फॉन्ट समोरच्या यंत्रात नसेल तर पडद्यावर नुसती चिन्हं दिसतात. अशा प्रत्येक फाइलची पीडीएफ करून शेजारी ठेवा. फाइलींची नावं देवनागरीत असली तरी हरकत नाही, पण नावात प्रश्नचिन्ह, विसर्गासारखे दोन ठिपके, तिरकी रेघ घालू नका. मॅकवर दिलेली अशी नावं विंडोजला चालत नाहीत.

फॉरमॅट शक्यतो विंडोजवरच करा. मॅकवर जीयूआयडी मांडणी (डिस्कचे भाग नोंदवायची नवी रीत, हिलाच विंडोजवर जीपीटी म्हणतात) निवडली तर तो डिस्कच्या सुरुवातीला २०० एमबीचा लपलेला भाग ठेवतो आणि काही टीव्ही तिथेच अडकतात. डिस्क २ टीबीपर्यंत असेल तर मांडणी एमबीआर, म्हणजे त्याच कामाची जुनी रीत, ठेवा, जुन्या यंत्रांना तीच कळते; त्याहून मोठी असेल तर जीपीटीला पर्याय नाही. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असू द्या, पावसाळ्यात खानापूरकडे करंट कधी जाईल सांगता येत नाही. बाकीचे पेनड्राइव्ह आणि डिस्का काढून ठेवा, म्हणजे चुकीच्या डिस्कवर हात पडणार नाही. मग माय कॉम्प्युटरमध्ये, नव्या विंडोजवर ‘धिस पीसी’मध्ये, डिस्कचा आकार वाचून खात्री करा (१ टीबीची डिस्क तिथे ९३१ जीबी दिसते, फसवणूक नव्हे, मोजायची रीत वेगळी), तिच्यावर उजवं क्लिक, फॉरमॅट, एक्सफॅट, अलोकेशन युनिट आहे तेच. नाव इंग्रजी अक्षरांत आणि अकराच्या आत. क्विक फॉरमॅट पुरतो. डिस्क जुनी असेल, मध्येच अडकत असेल, तरच पूर्ण फॉरमॅट करा. २ टीबीला पाच-सहा तास लागतात, ते रात्री लावून ठेवावं.

झाल्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल टाका आणि वहीतल्या प्रत्येक यंत्रावर ती लावून बघा. जिथे लिहायचं आहे तिथे एखादी फाइल उलट टाकूनही बघा. मॅकवरून आली की ठिपका आणि खालच्या रेघेने सुरू होणाऱ्या छोट्या फाइली दिसतील. टीव्हीवर त्या न चालणाऱ्या चित्रीकरणासारख्या दिसतात, घाबरू नका. एक्सफॅट एनटीएफएससारखी बदलांची नोंद ठेवत नाही, त्यामुळे लिहिणं चालू असताना केबल ओढली तर नुकसान मोठं होतं. इजेक्ट केल्याशिवाय डिस्क कुणीही काढायची नाही, हे प्रत्येकाला तोंडी सांगा.

आणि डिस्कवर एक चिठ्ठी चिकटवा. मंडळाचा फोन नंबर, शेजारी ‘पडद्यावर विचारलं तरी फॉरमॅट करू नका, आधी फोन करा’. हॉलमधला टीव्ही लावणारा गडी कन्नड बोलणारा असू शकतो, म्हणून खाली त्याच्या लिपीत तेच: फॉरमॅट माडबेडी.