परतलेल्या सैनिकांनी आणलेली युद्धकालीन शिरस्त्राणे: शोध कसा घ्यावा, तपासणी कशी करावी आणि जतन कसे करावे

१९४५ मध्ये युरोपातून मायदेशी निघालेल्या अमेरिकी सैनिकांच्या सामानात शत्रूच्या वस्तू विपुल होत्या आणि त्यांत जर्मन पोलादी शिरस्त्राण हे विशेष आवडते स्मृतिचिन्ह होते. कोणी ते पिशवीला बांधून आणले, तर कोणी त्यावरच घरचा पत्ता रंगवून ते टपालाने धाडले. पुढे अनेक दशके हे टोप माळ्यावर, तळघरात किंवा गॅरेजच्या फळीवर पडून राहिले. ते आणणारे सैनिक आज हयात असतील तर शंभरीच्या आसपास आहेत, त्यामुळे आता मुले आणि नातवंडे घर आवरताना या वस्तू बाहेर काढत आहेत. असा टोप संग्राहकांत ‘ब्रिंगबॅक’ म्हणून ओळखला जातो. हा लेख प्रामुख्याने अमेरिकेत राहणाऱ्या आणि या छंदाकडे नव्याने वळणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे, तथापि तपासणीची आणि जतनाची पद्धत कोठेही लागू पडेल.

आरंभीच एक गोष्ट मनात पक्की करावी. अशा टोपाविषयी दोन साक्षी उपलब्ध असतात: एक पोलादाची आणि दुसरी माणसांची. विक्रेत्याने सांगितलेल्या हकिकतीवर विसंबून टोप खरा मानू नये, आणि टोप खरा ठरला म्हणून हकिकतही खरी मानू नये. दोन्ही साक्षी स्वतंत्रपणे तपासून मगच एकत्र आणाव्यात.

पहिली पायरी अभ्यासाची आहे. सुरुवातीला एकच देश आणि एकच कालखंड निवडावा. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन टोपांचे तीन मुख्य प्रकार आहेत. १९३५ च्या एम-३५ मध्ये वायुछिद्रासाठी वेगळी नळी बसवलेली असते आणि कवचाची, म्हणजे टोपाच्या पोलादी भांड्याची, कड आत दुमडलेली असते. १९४० च्या एम-४० मध्ये कड तशीच राहिली, पण वायुछिद्र पत्र्यातच ठोकून काढले जाऊ लागले. १९४२ च्या एम-४२ मध्ये उत्पादन आणखी सोपे करण्यासाठी कड दुमडणे सोडून देण्यात आले, म्हणून तिची कापीव धार बाहेर झुकलेली दिसते. हा फरक डोळ्यांना सवयीचा होईपर्यंत काहीही विकत घेऊ नये. शक्य असल्यास संग्रहालयांत आणि जाणत्या संग्राहकांकडे निःसंशय खरे टोप पाहावेत, कारण रंगाचा पोत आणि चामड्याचे जुनेपण छायाचित्रावरून नीट कळत नाही.

दुसरी पायरी शोधाची. घरमालकाच्या निधनानंतर घरातले सामान जागेवरच विकले जाते, त्या ‘इस्टेट सेल’मध्ये असे टोप निघतात. ओळखीच्या वृद्ध शेजाऱ्यांकडे आणि लष्करी वस्तूंच्या प्रदर्शनांतही ते सापडतात. व्यापाऱ्याकडून घेताना वस्तू परत करण्याची मुदत लेखी घ्यावी. रणभूमीवरून उकरून काढलेल्या टोपांपासून मात्र दूर राहावे, असे माझे ठाम मत आहे. पूर्व युरोपात आजही बेपत्ता सैनिकांचे अवशेष सापडत असतात, आणि त्यांच्याजवळची वस्तू परवानगीविना उचलली गेली तर ओळख पटण्याचा अखेरचा धागाही तुटू शकतो.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि बहुतेक नवे संग्राहक तिच्याकडेच दुर्लक्ष करतात. टोप पुसण्यापूर्वी, किंबहुना जागचा हलवण्यापूर्वी, तो होता तसा सर्व बाजूंनी छायाचित्रित करावा. ज्या खोक्यात तो होता, त्यातले कागद, पत्रे, टपालाची चिठ्ठी, वर्तमानपत्राचे तुकडे यांतले काहीही टाकू देऊ नये. त्यानंतर कुटुंबीयांच्या परवानगीने त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. सैनिकाचे पूर्ण नाव, सेवा क्रमांक, तुकडी, तो युरोपात कधी पोहोचला, टोप कोठे मिळाला असे तो स्वतः सांगत असे आणि घरच्यांनी पुढे कोणत्या गोष्टी ऐकीव जोडल्या, हे वेगवेगळे नोंदवावे. ‘आजोबा असे सांगत’ आणि ‘आम्हाला असे वाटते’ ही दोन वाक्ये वहीत कधीही एकत्र होऊ देऊ नयेत. सैनिक मागे ठेवून जातो ते मौनही अनेकदा मोठे असते. एखाद्या मुलीला वडिलांनी टोपाविषयी कधीच काही सांगितले नसेल, तर तेही तसेच लिहावे आणि तिच्यावर प्रश्नांचा भडिमार करू नये.

याच वेळी एक विशिष्ट कागद जरूर शोधावा. २८ मे १९४५ च्या अमेरिकी युद्ध खात्याच्या परिपत्रक क्रमांक १५५ नुसार, जप्त केलेली वस्तू वैयक्तिक मालमत्ता म्हणून बाळगण्यास सैनिकाला परवानगी असल्याचे प्रमाणपत्र अधिकारी देत असत. त्यात सैनिकाचे नाव आणि वस्तूंची यादी असते. असा कागद टोपासोबत टिकला असेल, तर त्याची योग्यता टोपाइतकीच समजावी.

चौथी पायरी पोलादाची साक्ष घेण्याची. टोप उलटा करून कवचाच्या आतल्या कडेवरील ठसे वाचावेत. बाजूला कारखान्याची खूण आणि आकाराचा अंक असतो, तर मागे उत्पादनाच्या गटाचा क्रमांक असतो. ‘ईटी’ ही थाले येथील, ‘क्यू’ ही एसलिंगनच्या क्विस्ट कारखान्याची आणि ‘एनएस’ ही श्वेर्टे येथील खूण होय. आकाराचा अंक अस्तराशी ताडून पाहावा: ६४ आकाराच्या कवचात ५६ किंवा ५७ सेंटिमीटर घेराच्या डोक्याचे अस्तर बसते. ते अस्तर आठ पाकळ्यांच्या चामड्याचे असून धातूच्या पट्टीवर ताणलेले असते आणि दोन बाजूंना व मागे अशा तीन रिव्हेटांनी कवचाला धरलेले असते. रिव्हेटांच्या डोक्यावरचा रंग सलग आहे का, भोवती ओरखडे आहेत का आणि त्यांची आतली पाती एकदाच वाकवलेली दिसतात का, हे भिंगातून पाहावे. पाती अनेकदा वाकवल्याच्या खुणा असतील तर अस्तर नंतर बदललेले असू शकते. युद्धानंतर नॉर्वेच्या सैन्याने जर्मन टोप पुन्हा रंगवून वापरले होते, त्यामुळे कवच अस्सल असूनही त्यावरचे बाकी सारे नंतरचे असल्याचे आढळते.

बाजूंवरच्या छापील चिन्हांत फसवणूक सर्वाधिक होते. जर्मन भूदलाच्या सुरुवातीच्या टोपावर डावीकडे गरुड आणि उजवीकडे काळा, पांढरा, लाल असा तिरंगी ढालीचा छाप असे. तिरंगी छाप १९४० मध्ये बंद करण्याचा आणि उरलेले चिन्हही १९४३ मध्ये थांबवण्याचा आदेश निघाला. म्हणूनच एम-४२ वर दोन्ही चिन्हे दिसली तर शंका घ्यावी. एसएस या नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाच्या खुणांना किंमत जास्त मिळते, त्यामुळे त्यांच्या नकला सर्वांत जास्त आहेत आणि नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. अतिनील दिव्याखाली काही आधुनिक रंग आणि गोंद चमकतात, परंतु चमक नसणे हा अस्सलपणाचा पुरावा नव्हे.

पाचवी पायरी नावाच्या पडताळणीची आहे. अमेरिकी सैनिकांच्या सेवानोंदी सेंट लुइस येथे असतात आणि सेवामुक्तीला ६२ वर्षे झाल्यावर त्या सर्वांसाठी खुल्या होतात. मात्र १२ जुलै १९७३ च्या आगीत १९१२ ते १९५९ या काळात सेवामुक्त झालेल्या भूदल सैनिकांपैकी सुमारे ८० टक्क्यांच्या नोंदी जळाल्या. अशा वेळी तुकडीचे दैनंदिन अहवाल आणि कुटुंबाकडचा सेवामुक्तीचा दाखला उपयोगी पडतो. तुकडी त्या महिन्यात त्या भागात नव्हतीच असे दिसले, तर ते नोंदवहीत प्रामाणिकपणे लिहावे.

महाराष्ट्राशी या शिरस्त्राणांचा संबंध इटलीच्या रणांगणावर येतो. जुलै १९४४ मध्ये टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तेव्हा समोर हेच पोलादी टोप घातलेले सैन्य होते. सातारा किंवा रत्नागिरीकडे एखाद्या फौजी घरात जुना टोप निघालाच, तर तो बशीसारखा पसरट, रुंद कडेचा ब्रिटिश पद्धतीचा मार्क-टू असण्याचा संभव अधिक. भारतात तयार झालेल्या अशा काही टोपांवर रेल्वे कंपन्यांची आद्याक्षरे ठोकलेली आढळतात. ती पाहून भंगारात जाणारी वस्तू वाचवावी.

जतनाचा नियम एवढाच की करण्यापेक्षा न करणे श्रेयस्कर. टोप पुन्हा रंगवू नये, घासू नये, गंज खरवडू नये आणि चामड्याला तेल लावू नये, कारण तेलाने ते काळवंडते आणि कालांतराने पिचते. धूळ मऊ ब्रशने झटकावी. हातमोजे घालावेत, कारण घामाने पोलाद गंजते आणि जुन्या रंगात शिसेही असू शकते. अस्तराच्या आत आम्लरहित कागदाची उशी द्यावी, म्हणजे पाकळ्या दुमडत नाहीत. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवावी. मुंबई किंवा कोकणातल्या पावसाळ्यात चामड्यावर आठवडाभरात बुरशी धरू शकते, तेथे बंद कपाटात सिलिका जेल ठेवून ते वेळोवेळी बदलावे. टोपासोबत जुना गॅस मास्क आला तर तो तोंडाला लावू नये, कारण काहींच्या गाळणीत अ‍ॅस्बेस्टॉस असते. हातबॉम्ब किंवा गोळा दिसला तर त्याला स्पर्श न करता पोलिसांना कळवावे.

कायद्याचे भान ठेवावे. जर्मनीत नाझी चिन्हांचे सार्वजनिक प्रदर्शन गुन्हा आहे. भारतात १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावशेष ठरू शकते, तेव्हा पहिल्या महायुद्धातील टोप देशाबाहेर नेण्यापूर्वी पुरातत्त्व विभागाकडे चौकशी करावी. घरातही असा टोप शोभेची वस्तू म्हणून दिवाणखान्यात टांगू नये. ते चिन्ह पाहून ज्यांच्या घराण्याच्या जखमा उघड्या पडतात, अशी माणसे आपल्याकडे येऊ शकतात. जपानी टोपाच्या आत मूळ मालकाचे नाव शाईने लिहिलेले सापडले, तर त्याच्या वारसांचा शोध घेता येतो का हे आधी पाहावे आणि वारस मिळाल्यास टोप त्यांच्या स्वाधीन करावा.

शेवटी प्रत्येक टोपासाठी एक नोंदपत्र करावे. त्यात ठसे, मापे, छायाचित्रे, कोणाकडून केव्हा घेतला, काय सिद्ध झाले आणि काय केवळ सांगण्यात आले, हे लिहावे. नोंदपत्र टोपाच्या आत न ठेवता शेजारी पाकिटात ठेवावे आणि त्याची एक प्रत ज्या कुटुंबाने टोप दिला त्यांना आवर्जून पाठवावी.