उन्हाळा दोघांचा: पुण्यातल्या घरासाठी तयारीची यादी

यादीत सगळ्यात आधी कॅलेंडर. मार्चमधल्या एखाद्या रविवारी चहा झाला की दोघांनी भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवावं आणि जूनच्या मध्यापर्यंतची पानं एकदा नीट डोळ्यांखालून घालावीत. जे टळणार नाही ते आधी लिहून टाका: मार्चअखेरची ऑफिसातली धावपळ, लग्नं, मुंजी, गावची जत्रा, आईवडिलांच्या तपासण्या, सहकारी रजेवर असल्यामुळे आपल्याला रजा मिळणार नाही तो आठवडा. उरलेल्या जागेत आपली फुरसत बसवायची आहे. याबाबत माझं एक ठाम मत आहे आणि पुढची सगळी यादी त्यावरच उभी आहे. एकानं आमरस ओरपायचा आणि दुसरीनं सकाळपासून पुऱ्या तळायच्या, एकानं सहल ठरवायची आणि बॅगा, औषधं, कुंड्यांचं पाणी हे सगळं दुसरीनं बघायचं, असं झालं की घरातल्या एकाचीच सुट्टी होते. म्हणून यादीतल्या प्रत्येक कामापुढे नाव लिहा आणि जमेल तिथे दोघांचीही लिहा.

मग दिवसाची वाटणी. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे आणि इथला उन्हाळा बराचसा कोरडा. एप्रिलमध्ये दुपारी पारा चाळिशीला टेकतो, पण पहाट सुखाची असते आणि संध्याकाळी वारा सुटतो. त्यामुळे सकाळी नऊपर्यंत आणि साडेपाचनंतर बाहेर, बारा ते चार घरात, एवढा एकच नियम पाळला तरी उन्हाळ्याचा निम्मा त्रास संपतो. बेत आखताना आधी वेळ ठरवा, मग ठिकाण.

घराची तयारी थोडी आहे, पण ती मार्चमध्येच व्हायला हवी. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावा. कूलरचं गवत बदलून घ्या. पुण्याच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, फक्त समोरची एखादी खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर खोलीत दमट कोंदटपणा साचतो. माठ नवा घेणार असाल तर कसब्यातल्या कुंभारवाड्यात दोघं मिळून जा आणि बिनरंगाचा घ्या. माठाच्या अंगातल्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, बाहेर येऊन त्याची वाफ होते आणि आतलं पाणी गार राहतं. रंग दिला की छिद्रं बुजतात. घरी आणल्यावर एक दिवस पाण्यानं भरून ठेवा आणि ते पाणी झाडांना घाला. त्यानंतर तिवईवर, वारा लागेल अशा जागी ठेवा. धुताना साबण वापरू नका. आत वाळ्याची पुरचुंडी टाकली की पाण्याला जो वास येतो, तो फ्रिजच्या पाण्याला कधी येणार नाही.

स्वयंपाकघरात पन्ह्यापासून सुरुवात करा, कारण गुढीपाडव्यापासूनच कैऱ्या चांगल्या मिळायला लागतात आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हं आणि कैरीची डाळ लागतेच. कैऱ्या उकडायच्या, गर काढायचा, गूळ, वेलची, चिमूटभर मीठ घालून बरणीत भरायचा. हा गर फ्रिजमध्ये असला की बाहेरून आल्यावर पाच मिनिटांत दोन पेले तयार होतात. कोकमाचं आगळ घरात असू द्या, सोलकढीची सोय होते. ताकासाठी विरजण रात्री कोण लावणार, हे मात्र आधीच ठरवा. रोजचं काम आहे, आणि रोजचं काम गुपचूप एकाच्याच गळ्यात पडतं.

वाळवणाचा सगळा घाट घालायचं काही कारण नाही. कुरडयांना गहू तीन दिवस भिजवावे लागतात, मग चीक काढून तो शिजवा, साच्यातून घाला. आवड असेल तर जरूर करा, नाहीतर बचत गटाकडून घ्या. त्या बायका हाताला चव असलेल्या असतात आणि त्यांना पैसेही मिळतात. दोघांनी मिळून करण्यासारखं एकच काम सांगतो: साबुदाण्याच्या पापड्या. रात्री साबुदाणा भिजवा. सकाळी उकळत्या पाण्यात घालून मीठ, जिरं आणि वाटलेली मिरची टाका आणि दाणा पारदर्शक होईपर्यंत ढवळत राहा. नऊच्या आत गच्चीवर प्लास्टिकचा कागद अंथरून एकानं पळीनं घालत जायचं, दुसऱ्यानं पळीच्याच पाठीनं पसरायचं. संध्याकाळी कडा सुटल्या की उलटायच्या. दोन-तीन दिवसांच्या कडक उन्हात खडखडीत वाळतात. कावळ्यांपासून राखण करायला सावलीत दोन खुर्च्या आणि एखादं पुस्तक न्या.

आता आंबा. याला यादीत सगळ्यात जास्त जागा द्या. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे जिल्हे येतात. पुण्याच्या बाजारात कर्नाटकातला आंबाही हापूस म्हणून विकला जातो. तो वाईट नसतो आणि स्वस्तही पडतो, पण कुठला ते विचारून, त्याचा म्हणूनच घ्या. सुरुवातीच्या पेटीची घाई करू नका. एप्रिलच्या उत्तरार्धापासून आवक वाढते, भाव उतरतात आणि फळही भरलेलं येतं. दोघांच्या घराला एकदम पेटी जड जाते, कारण सगळे आंबे एकाच आठवड्यात तयार होतात. शेजाऱ्याबरोबर गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून एक पेटी आणून अर्धी अर्धी वाटून घ्या, किंवा दर आठवड्याला दोन डझन, त्यातलं एक डझन कच्चं, असं घ्या.

कच्चं आणून घरी पिकवण्यात खरी मजा आहे. कॅल्शियम कार्बाइडनं फळ पिकवायला कायद्यानं बंदी आहे, तरी खात्री आपल्या घरच्या अढीचीच. खोक्यात भाताचा पेंढा अंथरा, आंबे एकमेकांना न चिकटता एका थरात ठेवा, वर पुन्हा पेंढा आणि वर्तमानपत्र. फ्रिजमध्ये कच्चा आंबा ठेवला की तो पिकत नाही, नुसता सुरकुततो. रोज सकाळी एकानं खोकं उघडून बघायचं. अंगठ्यानं दाबून बघू नका, दाबलेल्या जागी डाग पडतो आणि तिथूनच फळ खराब होतं. नाक देठाजवळ न्या. वास भरून आला, रंग केशरी-पिवळा झाला आणि देठाजवळचे खांदे वर आले की फळ तयार. खाण्याआधी तासभर पाण्यात ठेवा म्हणजे देठाचा चीक निघून जातो. हापूस कापून खायचा आणि रसाला पायरी घ्यायची, असं आमच्याकडे मानतात. पायरीचा रस पातळ, आंबटगोड आणि धाग्याचा असतो. हातानं पिळलेल्या रसावर तूप आणि थोडी मिरपूड. मिक्सर नको. आणि पुऱ्या? पुऱ्या एकानं लाटायच्या, दुसऱ्यानं तळायच्या आणि मग दोघांनी एकाच वेळी पानावर बसायचं. शेवटच्या चार पुऱ्या गार झाल्या तर झाल्या.

दुपारची चार तासांची तयारी वेगळी करावी लागते, नाहीतर ती दोन मोबाइलमध्ये वाहून जाते. वाचनालयाचं वर्गणीपत्र आधीच नवं करून घ्या. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं आहे, आणि तिथून दोघांनी एकमेकांसाठी पुस्तक निवडून आणायचं, हा एक छान खेळ होतो. घरी चित्रपट बघायचे तर उन्हाळ्याच्या आधीच बारा-पंधरा नावांची यादी करा: निम्मी तुझी, निम्मी माझी, आळीपाळीनं. ज्याची पाळी नाही त्यानं अर्ध्यावर उठायचं नाही. एखादा विषय धरला तर अधिक रंगत येते. पुण्यात राहून प्रभातचे जुने बोलपट बघितले नसतील तर हाच उन्हाळा धरा. कोल्हापुरात १९२९ मध्ये सुरू झालेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली. तिच्या स्टुडिओच्या जागेवर आज लॉ कॉलेज रस्त्यावरची फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि १९६४ मध्ये स्थापन झालेलं चित्रपट संग्रहालयही त्याच रस्त्यावर आहे. चित्रपट बघून संध्याकाळी त्या रस्त्यानं चालत गेलात की ज्या आवारात तो घडला ते समोरच असतं. थिएटरात जायचं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, तिकीट सहसा स्वस्त असतं आणि गर्दी कमी.

संध्याकाळसाठी नाटकाची पानं वर्तमानपत्रातून कापून ठेवायची जुनी सवय अजून उपयोगी पडते. बालगंधर्व १९६८ पासूनचं, कोथरूडला यशवंतराव चव्हाण, सदाशिव पेठेत भरत, घराजवळचं निवडा. मे महिन्यात बालनाट्यंही खूप लागतात, भाचा-भाची राहायला आले तर सोय होते. आणि वसंत व्याख्यानमाला चुकवू नका. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली ही व्याख्यानं अजूनही एप्रिल-मेमध्ये टिळक रोडवर टिळक स्मारक मंदिरात होतात. कार्यक्रमपत्रिका हातात पडली की दोघांनी आपापल्या आवडीच्या तारखा खुणा करून ठेवा आणि निदान एकदा दुसऱ्याच्या आवडीच्या व्याख्यानाला जा. परतताना मस्तानी ठरलेली. एक पेला दोघांत घ्या, दोन घेतल्या तर रात्रीचं जेवण तसंच राहतं.

सकाळी पोहायला जाणार असाल तर मार्चमध्येच चौकशी करा. शाळांना सुट्ट्या लागल्या की तलावांवर मुलांच्या बॅचची झुंबड उडते. बऱ्याच ठिकाणी बायकांच्या आणि पुरुषांच्या वेळा वेगळ्या असतात, त्यामुळे दोघांना एकत्र जाता येईल अशी बॅच आहे का ते विचारा, आणि डॉक्टरांचा दाखला लागतो का तेही. पोहणं नको असेल तर टेकडी. वेताळ टेकडीवर उजाडता उजाडता पोहोचा. पाण्याची बाटली, टोपी आणि दुर्बीण असली की पुरे. मोर ओरडतात, सातभाईंचा कलकलाट चालू असतो. झाडांची एक छोटी वही करा. मार्चमध्ये पळस आणि काटेसावर संपत आलेली असते, एप्रिल-मेमध्ये बहाव्याचे पिवळे घोस लोंबतात, मग गुलमोहर. आपल्या गल्लीतला बहावा कोणत्या तारखेला फुलला ते लिहून ठेवलं की पुढच्या वर्षी तुलना करता येते.

मेच्या १३ तारखेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमाराला मात्र घरात राहायचा नियम मोडा आणि दहा मिनिटं गच्चीवर जा. त्या दिवशी सूर्य पुण्यात बरोबर डोक्यावर येतो. एक सरळ पेला किंवा डबा सपाट जागी उभा ठेवा. सव्वाबाराला त्याची बारीकशी सावली एका बाजूला दिसते, ती आखडत जाते आणि साडेबाराच्या आगेमागे पूर्णपणे बुडाखाली जाते. डोक्याला पांढरा पंचा किंवा टोपी घ्या, सूर्याकडे बघू नका. जुलैअखेरीलाही असा दिवस येतो, पण तेव्हा ढग असतात.

प्रवासाबद्दल माझा सल्ला असा, की एकच मोठा आणि बाकी छोटे. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. १० मेची गाडी हवी असेल तर ११ मार्चला सकाळी आठ वाजता तयार बसायला हवं, म्हणूनच कॅलेंडर मार्चमध्ये काढायचं. एसटीनं जाणार असाल तर २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. दोघांचा खर्च दीड तिकिटात होतो, त्यामुळे स्वारगेटवरून निघणारी गाडी स्वतःच्या कारपेक्षा कितीतरी परवडते, आणि दोघांनाही खिडकीबाहेर बघता येतं.

मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी महाबळेश्वर टाळा. पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते आणि अर्धी सुट्टी तिथेच जाते. मंगळवार-बुधवार मिळाला तर जा, तुती आणि जांभळं खाऊन या. शांतता हवी असेल तर माथेरान बरं. गाड्या दस्तुरी नाक्यापाशी थांबतात, पुढे लाल मातीतून चालायचं. कर्जतला उतरून लोकलनं नेरळ गाठलं तर वर जायला १९०७ पासूनची छोटी गाडी आहे, तिच्या वेळा आधी बघून ठेवा. कोकणात जायचं तर पहाटे पाचच्या आत निघून ताम्हिणी उतरा. तिथे घाम खूप येतो, पण फणस, करवंदं, ताजं आगळ आणि बागेतला आंबा मिळतो. मेअखेरीला समुद्र खवळायला लागतो, तेव्हा पाण्यात फार आत जाऊ नका.

निघण्याआधी गॅस, नळ आणि कुंड्या, ही तीन नावं दारावर चिकटवा. उन्हाळ्यात पाणी एखाद्या दिवशी बंद असतं, ते वेळापत्रक बघूनच टाकी भरून ठेवा. कुंड्या सावलीत एकत्र आणून मातीवर पालापाचोळ्याचा थर द्या. मोगरा ऐन बहरात असतो, त्याची जबाबदारी शेजारच्या काकूंवर सोपवा आणि फुलं त्यांनीच घ्यावीत असं सांगा.

मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांचे दिवस. वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या की राजमाचीला, भंडारदऱ्याला झाडंच्या झाडं लुकलुकतात. नर काजवे मादीला बोलावण्यासाठी ही उघडझाप करतात. टॉर्च, फ्लॅश आणि गाडीचे दिवे यांमुळे त्यात अडथळा येतो, म्हणून लहान गटानं जा, दिवे बंद ठेवा आणि काजवे पकडू नका. रेनकोट आणि चिखलाला चालतील असे बूट याच आठवड्यात माळ्यावरून काढा.

यादीतलं शेवटचं काम लोणच्याचं. जूनच्या सुरुवातीला मंडईत घट्ट, आंबट कैऱ्या येतात आणि विकणारे तिथेच अडकित्त्यानं फोडून देतात. फोडी घरी आणून एकानं पुसायच्या, दुसऱ्यानं मसाला कालवायचा. चिनी मातीची बरणी मात्र मे महिन्यातच धुऊन दोन दिवस कडक उन्हात ठेवा, कारण पाऊस लागल्यावर ती नीट वाळत नाही आणि ओलसर बरणीतल्या लोणच्याला बुरशी येते.