बेक हे आडनाव कुठलं? छोट्या आडनावाचं मूळ असं शोधा

आडनाव जेवढं छोटं तेवढा घोळ जास्त, दोन अक्षरं कुठल्याही भाषेत कशालापण जुळतात. येळ्ळूरकर, कडोलकर असलं की सोपं, कर काढला की गाव हातात. पण युरोपातलं बेक घ्या. आपल्या बेळगावात कुणीतरी म्हणणारच, कन्नडात बेक्कु म्हणजे मांजर, मग हे मांजरवाले काय ओ? नुसत्या आवाजावर जायचंच नाही.

आधी घराणं कुठल्या भागातलं ते काढा. चर्चातल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी, बोटीच्या याद्या, मिळेल ते बघा, कारण भाग बदलला की अर्थच बदलतोय. दक्षिण जर्मनीतला बेक बहुतेक पाव भाजणारा, उत्तरेतला मात्र ओढ्याकाठचा असू शकतो. उत्तर इंग्लंडात तर ओढ्याला अजून बेकच म्हणतात, शब्द व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेतून आलेला, ते लोक तिथं राहिले ना.

मग स्पेलिंग बघा. देवनागरीत सगळे बेक सारखेच दिसतात पण स्वीडिश बेकमध्ये (Bäck) इंग्रजी ए अक्षरावर दोन टिंबं, डॅनिशमध्ये (Bæk) ए आणि ई चिकटवलेलं एकच अक्षर, डचमध्ये (Beek) दोन ई, आणि तिघांचा अर्थ ओढाच. अमेरिकेत गेल्यावर टिंबं बऱ्याचदा गळाली, त्यामुळं तिथल्या बेकवरून लगेच काही ठरवू नका.

जर्मन बाख पण ह्याच ओढ्याचा भाऊ. हे खरं कशावरून? तर इंग्लिश बुक तिकडं बूख होतं, मेकचं माखेन होतं, म्हणजे स्वरानंतरच्या क चा ख होणं हा तिथला नियमच आहे. असे चार-पाच शब्द एकाच चालीनं बदललेले दिसले तर नातं धरा, एकट्या जोडीवर नाही.

शेवटी आडनाव पक्कं कधी झालं ते बघा. नेदरलँड्समध्ये 1811 ला नेपोलियनच्या हुकमानं, डेन्मार्कात 1828 च्या आदेशानं. त्याच्या आधी डॅनिश खेड्यात पीटरचा पोरगा पीटरसन, त्याचा पोरगा परत वेगळा, म्हणून तिथं बापाच्या नावानं शोधत मागं जावं लागतंय. (आइसलंडात बहुतेकांचं अजून तसंच चालतंय.)

आपल्याकडचं शोधायचं असेल तर पाटील, देसाई बघून घरची भाषा ठरवू नका, ते मानाचे हुद्दे, मराठी-कन्नड दोन्ही घरांत आहेत. आणि 1956 पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो, जुन्या कागदांत मोडी पण निघते आणि कन्नड पण, तेव्हा दोन्ही वाचणारा माणूस आधी गाठा मगच दप्तर उघडा.