डावी कूस, उजवी कूस आणि पहाटे तीनची धास्ती : गरोदरपणात झोपताना या चुका टाळा

सातवा महिना सरत आला होता. पहाटे तीनला जाग आली, तर मी चक्क उताणी. पोट छताकडे, हात दोन्ही बाजूंना पसरलेले. त्याच आठवड्यात कुणीतरी बजावलं होतं, "पाठीवर अजिबात झोपू नकोस हं, बाळाला रक्त पोचत नाही." मी पोटावर हात ठेवून बसून राहिले. थोड्या वेळाने बाळाने लाथ मारली आणि झोपी गेलं असावं. मी मात्र दूधवाला येईपर्यंत टक्क जागी.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांना नीट विचारून घेतलं. तेव्हा कळलं, की पहिल्या खेपेला मी घाबरले होते भलत्याच गोष्टीला, आणि खऱ्या चुका करत होते त्या वेगळ्याच.

रात्रभर पहारा देणे

पाठीवर झोपू नये या सांगण्यात तथ्य आहे. पायांकडचं आणि ओटीपोटाकडचं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर कण्याच्या किंचित उजव्या अंगाने वर जाते. पोट मोठं झाल्यावर उताणं झोपलं, की गर्भाशयाचा भार त्या शिरेवर येतो. हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. काहींना गरगरतं, घाम फुटतो, मळमळतं. 28 आठवड्यांनंतर पाठीवर झोपी जाणाऱ्या बायकांमध्ये बाळ पोटात दगावण्याची जोखीम वाढलेली दिसते. 2019 साली पाच अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा ती सुमारे अडीच पट निघाली. मुळात ही घटना विरळ असते, हे इथे विसरू नये. पण टाळण्यासाठी फक्त कुशीवर वळायचं असेल, तर वळावं.

महत्त्वाचा शब्द आहे "झोपी जाताना". या अभ्यासांत विचारलं होतं ते डोळा लागताना कोणत्या कुशीवर होतात एवढंच. झोपेत माणूस वळणारच. जाग आल्यावर उताणं आहोत असं दिसलं, तर घाबरायचं नाही, कुशीवर वळायचं आणि पुन्हा झोपायचं. बाथरूमला जाऊन आल्यावर, दुपारी आडवं होताना, दर वेळी पुन्हा कुशीवरून सुरुवात करायची.

28 आठवड्यांच्या आधी एवढा जाच नको. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशय कटिराच्या हाडांच्या आत असतं, तेव्हा पालथं झोपलं तरी बाळ चेंगरत नाही. पुढे पोटच सांगतं, आता पुरे.

डावी म्हणजे डावीच

पाच-सहा तास डाव्या कुशीवर लाकडासारखं पडून राहायचं आणि सकाळी डावा खुबा धरून लंगडत उठायचं. हे मी केलंय. वर सांगितलेल्या अभ्यासांत डावी आणि उजवी कूस यांत फरक दिसला नाही. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांमध्येही 28 आठवड्यांनंतर पाठीवर झोपी जाणं टाळा एवढंच सांगतात. डावीचा फायदा आहे तो जळजळीसाठी, त्याबद्दल पुढे. बाकी खुबा दुखला की खुशाल उजवीकडे वळा. डॉक्टरांनी तुमच्या तब्येतीमुळे डावी कूस मुद्दाम सांगितली असेल, तर गोष्ट वेगळी.

"आधी उठून बस, मग कूस बदल"

ही आमच्या सासूबाईंची आज्ञा. झोपल्या झोपल्या वळलं तर नाळेचा बाळाच्या गळ्याला वेढा पडतो म्हणे. बहुतेक घरांत हे ऐकायला मिळतंच. नाळेचा वेढा पडतो तो बाळ पाण्यात कोलांट्या मारतं म्हणून. जन्मताना साधारण चार-पाच बाळांमागे एकाच्या मानेभोवती तो असतो आणि बहुतेक वेळा डॉक्टर सहज सोडवतात. आईच्या कूस बदलण्याशी त्याचा संबंध नाही. उलट उताणं असताना पोटाच्या जोरावर ताडकन उठून बसलं, तर पोटाच्या स्नायूंवर आणि कमरेवर ताण येतो. रात्रीतून सात-आठ वेळा हे करायचं म्हणजे झोपेचं वाटोळं ठरलेलंच.

वळायची रीत अशी. दोन्ही गुडघे वाकवायचे आणि एकमेकांना चिकटवायचे, मध्ये उशी असेल तर चिमटून धरायची. मग खांदे, कंबर, गुडघे सगळं एकदम, ओंडका वळतो तसं वळवायचं. एक पाय आधी टाकून मग दुसरा ओढला, की जांघेच्या मधल्या हाडात जी कळ येते ती जिला आली तिलाच समजते. उठताना आधी कुशीवर यायचं, पाय कॉटखाली सोडायचे आणि हातांनी रेटा देत बसायचं. खाली गादी असेल तर कुशीवरून बसा, मग हात-गुडघ्यांवर या, एक पाऊल पुढे रोवा आणि खुर्ची किंवा दिवाणाचा आधार घेऊन उभ्या राहा. मी रोज रात्री प्लास्टिकची खुर्ची उशाशी आणून ठेवायचे.

सासूबाईंशी वाद घातला नाही. "डॉक्टरांनी असंच वळायला सांगितलंय, आई," एवढं म्हटलं. डॉक्टरांचं नाव काढलं की घरात बरंच काही खपतं.

उशी नुसती गुडघ्यात

गुडघ्यांच्या मध्ये छोटी उशी घेतली, तर वरच्या पायाचं पाऊल खाली लोंबतं आणि मांडी पिळल्यासारखी होते. कंबर दुखायची ती दुखतेच. आधार गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सलग हवा. दोन उशा एकामागे एक, नाहीतर लोड. गरोदरपणासाठीची ती मोठी वळणदार उशी छान असते, पण ऑक्टोबर हीटमध्ये तिच्या विळख्यात झोपणं म्हणजे दुसरी शिक्षा. शिवाय वन बीएचकेमध्ये ती आली की नवरा बाहेरच्या खोलीत.

माझं काम जुन्या गोधडीने केलं. आजीच्या सुती लुगड्यांची, धुऊन धुऊन मऊ पडलेली. तिची घट्ट गुंडाळी करून पाठीमागे लावायची, अंगाशी खेटून. झोपेत मागे कलंडलं तरी गुंडाळी अडवते आणि शरीर पूर्ण उताणं न होता तिरकं राहतं. पोटाखाली एक टॉवेल, चौपदरी घडी घालून. पोट भारी झालं की ते गादीच्या बाजूला ओघळतं आणि बरगडीखाली ओढ बसते, ती या घडीने थांबते. घडी जास्त जाड झाली तर पोट वर उचललं जातं, म्हणून रोज थोडं कमी-जास्त करून बघावं लागतं.

कापसाची गादी दबून गुठळ्या झाल्या असतील, तर खुब्याखाली दुलई दुमडून घाला. आणि खालचा हात डोक्याखाली नको, तो पुढे मोकळा ठेवा. मनगट दुमडून गालाखाली घेतलं तर बोटांना मुंग्या येतातच. त्या दिवसाही राहिल्या तर डॉक्टरांना सांगा.

जळजळ झाली की डोक्याखाली आणखी एक उशी

तीन उशांनी फक्त मान दुमडते आणि पोट दाबलं जातं. जळजळ होते कारण गरोदरपणातल्या संप्रेरकांनी अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडते, त्यात गर्भाशय खालून जठराला ढकलतं. उंची हवी ती कमरेपासून वर. कॉट असेल तर उशाकडच्या दोन्ही पायांखाली विटा किंवा भक्कम लाकडी ठोकळे ठेवून पंधरा-वीस सेंटीमीटर उचला, डुगडुगत नाही ना ते बघा. जमिनीवरच्या गादीला, तिच्याखाली डोक्याच्या बाजूने गोधड्यांचा उतार करा. इथे डावी कूस खरंच कामाला येते, जठरातलं आम्ल वर यायला अवघड जातं.

जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास हवेत. नवरा दहाला येतो, मग एकत्र जेवू, हे प्रेम नऊ महिने बाजूला ठेवा. आठला जेवा, त्याच्याबरोबर नुसत्या गप्पा मारा. खायचा सोडा पाण्यात घालून पिऊ नका. त्यात सोडियम भरपूर असतं. अँटासिड कोणतं चालेल ते डॉक्टरांना विचारा. झोपेच्या गोळ्यांचंही तेच, आणि "आयुर्वेदिकच आहे, काही होत नाही" म्हणून कुणी दिलेल्या चूर्णांचंही.

पाण्यावर काटकसर

रात्री उठावं लागतं म्हणून दिवसभर कमी पाणी पिणाऱ्या कितीतरी जणी आहेत. पाणी दिवसा भरपूर प्या, संध्याकाळनंतर थोडं थोडं. लघवीला जळजळ असेल तर तपासून घ्या. बाथरूमपर्यंत मंद दिवा चालू ठेवा, वाटेतली पायपुसणी काढून टाका.

पोटरीत गोळा आला तर पाय सरळ करून पावलाची बोटं स्वतःकडे ओढायची. बोटं पुढे ताणलीत तर गोळा आणखी आवळतो. पाय आडवं झाल्यावर वळवळत असतील, हलवल्याशिवाय चैन पडत नसेल, तर हिमोग्लोबिन आणि लोह तपासा. आपल्याकडे निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना रक्त कमी असतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा आकडा 52.2 टक्के होता. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर अर्धी वाया जाते असं समजा.

"सकाळी बघू"

ही मात्र करूच नये अशी चूक. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली किंवा थांबली, तर शांतपणे कुशीवर पडून लक्ष द्या. तरी शंका राहिली तर त्याच रात्री दवाखाना गाठा. एकाच पायाची पोटरी सुजली, लाल-गरम झाली, दुखतेय. पुरळ नसताना तळहात-तळपायांना रात्री खाज सुटते. डोकं फुटतंय, डोळ्यांपुढे चमकतंय. रक्त किंवा पाणी जातंय. आडवं झालं की दम लागतो: यातलं काहीही झोपेच्या पद्धतीने सुटणारं नाही. नव्याने मोठं घोरणं सुरू झालं असेल, तर पुढच्या तपासणीला सांगा, म्हणजे रक्तदाबाकडे जास्त लक्ष ठेवता येईल.

रात्री गाडीची सोय नसेल तर 108 ला फोन करा. हा नंबर आणि दवाखान्याचा नंबर कागदावर लिहून उशाशी त्या खुर्चीला चिकटवून ठेवा, आणि फाईल त्याच खुर्चीवर.