रोजच्या कामासाठी ड्रिल आणि ग्राइंडर निवडताना

आधी काम ठरवा, मग मशीन. काँक्रीटमध्ये दिवसभर भोकं पाडायची असतील तर इम्पॅक्ट ड्रिल घेऊ नका. त्यात दातेरी चकत्या एकमेकींवर आपटतात, जोर तुम्हालाच लावावा लागतो. रोटरी हॅमरमध्ये हवेच्या दाबाने पिस्टन ठोका मारतो, हात वाचतो. ६ ते १२ मिमीच्या भोकांना २ किलोच्या आसपासचा एसडीएस-प्लस (खाचांच्या दांड्याचं बिट, जे चावीशिवाय आत ढकललं की बसतं) हॅमर पुरतो.

दुकानात मशीन हातात घ्या. बंद असताना स्पिंडल (बिट किंवा डिस्क फिरवणारा दांडा) धरून आडवा हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग किंवा फिटिंग ढिलं आहे. मग मिनिटभर रिकामं चालवा. कार्बन ब्रशपाशी (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे, झिजणारे तुकडे) बारीक निळसर ठिणग्या चालतात, पण कॉम्युटेटरभोवती (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल भाग) आगीचं कडं दिसलं तर ते मशीन परत ठेवा. ब्रश बाहेरून बदलता येतात का आणि सुटे मिळतात का, हे विचाराच. ब्रशसाठी चार दिवस मशीन पडून राहिलं तर स्वस्ताई कुठे उरली?

ग्राइंडरचा गार्ड (डिस्कवरचं संरक्षक झाकण) काढून मोठी डिस्क कधीच बसवू नका. डिस्कवर छापलेला आरपीएम (मिनिटाला फेरे) मशीनच्या आरपीएमइतका किंवा त्याहून जास्त हवा, नाहीतर डिस्क फुटू शकते.

बॅटरीवाल्यात बॅटरीत किती ऊर्जा मावते ते कळायला व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा: १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवर म्हणजे ९० वॅट-अवर. सगळी हत्यारं एकाच बॅटरीवर चालणारी घ्या.

लांब, बारीक एक्स्टेंशन वायरने व्होल्टेज पडतं, मोटर तापते आणि वाइंडिंग (मोटरमधल्या तारेची गुंडाळी) जळतं. मग दोष मशीनला दिला जातो.