पहिलं घर बघायला निघण्याआधी

घर घ्यायचं ठरलं की पहिल्याच रविवारी आपण दलालाला फोन करतो आणि दिवसभरात चार फ्लॅट बघून येतो. माझी कळकळीची विनंती आहे, तो फोन तीन महिने थांबवा. आम्ही मुंबईत भांडुपपासून दहिसरपर्यंत चौदा महिने घर शोधत हिंडलो. त्यातले पहिले पाच महिने तयारी नसल्यामुळेच वाया गेले. माझ्या नात्यातली दोन-तीन मुलं आता घर शोधायला निघाली आहेत, त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

आधी पैशांची वही उघडा. ‘बजेट किती?’ असं विचारलं की आपण घराची किंमत सांगतो, पण हातात किती रोख लागेल याचा हिशेब कोणी केलेला नसतो. समजा, ९० लाखांचा रीसेलचा वन बीएचके आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते, म्हणजे ७२ लाख. १८ लाख आपले. मुद्रांक शुल्क मुंबईत मेट्रोचा अधिभार धरून ६ टक्के, म्हणजे ५ लाख ४० हजार. हे शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेला, दर यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागतं. नोंदणी फी ३० हजार. दलाली एक टक्का धरली तरी ९० हजार. बेरीज २४ लाख ६० हजार झाली आणि अजून रंग, सुतारकाम, सामान हलवणं, वकील यांतलं काहीच धरलेलं नाही. मुद्रांक शुल्काला बँक कर्ज देईल या भरवशावर राहू नका. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्का सवलत मिळते, या उदाहरणात ९० हजार रुपये. नवरा-बायको दोघांची नावं घातली की ही सवलत जाते, म्हणून नावं कोणाची घालायची हे घर बघण्याआधीच ठरवून टाका.

७२ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साडेबासष्ट हजारांच्या आसपास येतो. तीन महिने तेवढी रक्कम, त्यातून सध्याचं भाडं वजा करून, खरोखर बाजूला काढून बघा. तिसऱ्या महिन्यात मुलाची फी किंवा सासूबाईंचं औषधपाणी आलं आणि ओढाताण झाली, तर आपला आकडा कमी करायचा आहे हे वेळेवर कळतं. याच काळात सिबिलचा, म्हणजे आपण आजवर कर्जं कशी फेडली याचा, अहवाल काढा. जुन्या क्रेडिट कार्डाची विसरलेली थकबाकी अशा वेळीच समोर येते. फॉर्म १६, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट एका फाइलला लावून बँकेकडून मंजुरीचं पत्र आधीच घ्या. ते हातात असलं की घरमालकही नीट बोलतो.

नवं, बांधकाम चालू असलेलं घर घेणार असाल तर आणखी ५ टक्के जीएसटी धरा. परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणारं, म्हणजे ४५ लाखांपर्यंतचं आणि मुंबईत ६० चौरस मीटर कार्पेटपर्यंतचं घर असेल तर १ टक्का. ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचं भोगवटा प्रमाणपत्र, मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घराला जीएसटी नाही. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विकणाऱ्याला देण्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस आपण कापून सरकारकडे भरायचा असतो. पुष्कळांना ही गोष्ट नोटीस आल्यावरच कळते.

म्हाडाच्या सोडतीचा विचार असेल तर अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा, आधार आणि पॅन आजच तयार ठेवा. जाहिरात आल्यावर दाखल्यासाठी धावाधाव करणारे दरवेळी दिसतात.

आता जागा कुठे हवी. नकाशावर बोट ठेवून ठरवू नका, प्रवास करून ठरवा. ज्या स्टेशनचं घर मनात आहे तिथून सोमवारी सकाळी साडेआठला तुमच्या ऑफिसपर्यंत जाऊन या आणि संध्याकाळी परत या. ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ म्हणजे पायी की रिक्षाने, आणि त्या रिक्षाची रांग केवढी, हे तेव्हाच समजतं. दहिसरला आम्हाला एक घर फार आवडलं होतं. पण ते पूर्वेला होतं, मुलीची शाळा पश्चिमेला, आणि मधला पूल दोनदा चढून-उतरून माझी आई धापा टाकायला लागली. ते घर आम्ही त्याच दिवशी सोडलं. मेट्रो ‘येणार आहे’ या बोलीवर किंमत मोजू नका, आज धावतेय तेवढीच मेट्रो हिशेबात धरा. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण सुरू व्हायला २०२५चा ऑक्टोबर उजाडला. तिच्या भरवशावर आधीच घरं घेतलेल्यांनी ती सगळी वर्षं बस आणि रिक्षातच काढली.

पावसाळ्यात एकदा तरी त्या भागात जाऊन या. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी या इमारतीत पाणी कुठवर आलं होतं हा प्रश्न तळमजल्यावरच्या जुन्या रहिवाशाला विचारा. माणसं जिन्याची पायरी दाखवून सांगतात. सखल भागातलं घर घेऊच नये असं मी म्हणत नाही, पण मीटरची खोली, पंप आणि तुमची गाडी कोणत्या उंचीवर आहेत ते बघून घ्या.

पाण्याचंही तसंच. महापालिकेचं पाणी प्रत्येक भागात ठरलेल्या वेळी येतं. ती वेळ विचारून त्याच वेळी जा आणि स्वयंपाकघरातला नळ सोडून बादली भरायला किती वेळ लागतो ते बघा. उन्हाळ्यात टँकर लागतो का, हे मालकापेक्षा वॉचमन खरं सांगतो.

घर बघायला जाताना पर्समध्ये मोजपट्टी हवीच. दलाल म्हणतो ‘सहाशे’, करारात असतो बिल्ट-अप म्हणजे भिंतींसकट, आणि राहायला मिळतो तो कार्पेट. रेरा या घरखरेदीच्या कायद्यात कार्पेटची व्याख्या ठरलेली आहे: घराच्या आतली वापरायची जागा, आतल्या भिंती धरून, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची सोडून. जुन्या करारात आकडे चौरस मीटरमध्ये असतील तर चौरस फुटांसाठी १०.७६४ने गुणा. पण त्या आकड्यांपेक्षा आपलं सामान मोजून नेणं जास्त उपयोगाचं. आमच्याकडे आजीचं लोखंडी कपाट आहे, पुढून तीन फूट आणि दार उघडायला आणखी दीड फूट. कांजूरच्या एका फ्लॅटमध्ये बेडरूम मोजली तर पलंग ठेवल्यावर कपाटाचं दार अर्धंच उघडत होतं. मालकांनी तिथे छोटा पलंग टाकून खोली मोठी दाखवली होती. घरी प्रत्येक मोठ्या वस्तूची मापं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.

भिंतींकडे बघताना नवा रंग कुठे लागलाय ते शोधा. एकाच भिंतीला, तेही संडास-बाथरूमच्या मागच्या, ताजा डिस्टेंपर असेल तर हात लावून बघा आणि वरच्या मजल्यावरच्यांना भेटा. गळती हा मुंबईतल्या शेजाऱ्यांमधला सगळ्यात लांबणारा वाद आहे. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, बंधनकारक आहे, त्याचा अहवाल सोसायटीकडे मागा. ‘लवकरच रिडेव्हलपमेंटला जाणार’ या शब्दावर जास्त किंमत देऊ नका. सर्वसाधारण सभेचा ठराव झालाय का, विकासकाशी करार नोंदवलाय का, एवढं विचारलं की चित्र स्पष्ट होतं. पागडीचं घर स्वस्त दिसतं, पण तिथे तुम्ही मालक होत नाही, भाडेकरू होता. त्यावर गृहकर्ज मिळणंही कठीण.

सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटल्याशिवाय पुढे जाऊ नका. मेंटेनन्स किती, सिंकिंग फंडात (मोठ्या दुरुस्तीसाठीच्या राखीव निधीत) पैसे आहेत का, जमिनीचं कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आलीय का, या घराची थकबाकी आहे का. पार्किंगचं नीट विचारा. स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) किंवा उघडी पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्येच सांगितलंय, तेव्हा ‘पार्किंग विकत घेतलीय’ असं कोणी म्हटलं तर सोसायटीच्या कागदावर ती कशी नोंदवलीय ते बघा. आणि खाण्यापिण्याचंही त्याच भेटीत बोला. आमच्याकडे बुधवार-शुक्रवारी मासळी शिजते. एका ठिकाणी आधी गोड बोलून नंतर कुरबुर सुरू झाली. आपलं घर विकत घेऊन स्वयंपाकघराची खिडकी बंद करून जगायची पाळी कोणावर येऊ नये, म्हणून आधी बोलावं.

कागदांबद्दल मी थोडं जास्तच सांगते, कारण इथेच आमचं चुकलं. रीसेलच्या घरात करारांची साखळी पूर्ण हवी: बिल्डरकडून पहिल्याने घेतलेला करार, मग दुसऱ्याचा, तिसऱ्याचा, प्रत्येकाची नोंदणीची पावती आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर प्रत्येक हस्तांतराची नोंद हवी. प्रॉपर्टी कार्ड (जमिनीच्या मालकीचा उतारा), मंजूर नकाशा आणि ओसी हवी. घर वडिलांकडून मुलाकडे आलेलं असेल तर फक्त नॉमिनी म्हणून नाव लागलंय की बाकीच्या वारसांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलंय, हे विचारा. परदेशातली बहीण सही करायला येईल या आशेवर लोक वर्ष-वर्ष थांबलेले मी पाहिलेत. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल, आपल्या वकिलाकडून घ्या, दलालाने सुचवलेल्या वकिलाकडून नको.

नव्या प्रकल्पासाठी महारेरा, म्हणजे रेरा कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण, त्याच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून पान उघडा. १ ऑगस्ट २०२३पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही द्यावा लागतो, तो स्कॅन केला तरी चालतं. ताबा द्यायची तारीख, ती किती वेळा पुढे गेली, कोर्टातले दावे, सगळं तिथे दिसतं. करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

आमचं काय झालं ते सांगते. पहिल्या पाच महिन्यांतच भांडुपला एक घर आवडलं, संध्याकाळचं ऊन थेट हॉलमध्ये येत होतं. ‘उद्या दुसरी पार्टी येतेय’ असं ऐकलं आणि त्याच रात्री ५१ हजारांचं टोकन दिलं. पावती म्हणजे वहीच्या पानावरची एक ओळ. पंधरा दिवसांनी बँकेने कर्ज नाकारलं, इमारतीला ओसीच नव्हती. सोसायटीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं, आम्ही विचारलं नव्हतं. पैसे परत मिळवायला चार महिने आणि पंचवीस-तीस फोन लागले.

म्हणून टोकनच्या पावतीचा मसुदा घर बघायला निघण्याआधीच लिहून, छापून फाइलमध्ये ठेवा. त्यात घराचा पूर्ण पत्ता, ठरलेली किंमत, विकणाऱ्या सगळ्या मालकांची नावं आणि सह्या, करार नोंदवायची शेवटची तारीख, आणि ही ओळ असू द्या: कागदपत्रांत दोष निघाला किंवा त्या कारणाने बँकेने कर्ज नाकारलं तर संपूर्ण रक्कम सात दिवसांत परत. रक्कम चेकने किंवा खात्यातून खात्यात द्या. ज्या मालकाला या ओळीवर सही करायची नसते, त्याच्या घराचे कागद आणखी एकदा वकिलाला दाखवा. आज राहतो त्या घराच्या मालकीणबाईंनी ती ओळ वाचली, चष्मा पुसला आणि सही करता करता म्हणाल्या, “हे मीही लिहून घ्यायला हवं होतं, मी घर घेतलं तेव्हा.”